लेहला उतरल्यावर पहिले तीन दिवस धावायचं नाही : नवीन गावात दुकान टाकणाऱ्यांसाठी



या आठवड्याचा व्हिडिओ बघितला असेल तर त्यात मी लेहच्या बाजारात उभी राहून बोलतेय आणि दर दोन वाक्यांनी थांबतेय. बऱ्याच जणांनी विचारलं, ताई, तब्येत बरी आहे ना? आता बरी आहे. पण त्या अकरा मिनिटांत सगळं मावलं नाही, म्हणून इथे लिहितेय. शिवाय एक जुनी चूक दुरुस्त करायची आहे.

गेल्या वर्षी मी ‘पुण्यातलं दुकान का बंद केलं’ असा व्हिडिओ टाकला होता. त्यात मी सगळं खापर भाड्यावर फोडलं. लोकेशन महाग, भाडं जास्त, मार्जिन कमी, असं बोलले. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं मला या जुलैमध्ये ३,५०० मीटर उंचीवर, एका दगडावर बसून उलटी करताना कळलं. तो व्हिडिओ बघून स्वस्त भाड्याच्या मागे लागलेल्या दोघा-तिघांनी मला मेसेज केले आहेत. त्यांनी तर हे वाचावंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझं साताऱ्यात सुकामेव्याचं दुकान आहे. दुकानाच्या आधी, पहाटे, मी धावते. आमचा एक ग्रुप आहे, अजिंक्यताऱ्यावर चढायचं, कधी यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेने जायचं. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा रस्ता याच घाटातून जातो, त्यामुळे चढाची आम्हाला सवय आहे. निदान मला तसं वाटायचं. आणि ट्रेल रनिंग म्हणजे डांबरी रस्ता सोडून पायवाटेने, दगडधोंड्यांतून, चढ-उतारावर धावणं. शर्यत असलीच पाहिजे असं नाही.

लेहला जायची दोन कारणं होती. एक म्हणजे जर्दाळू. लडाखचा जर्दाळू मी विकते, पण तो कुठून येतो ते बघितलं नव्हतं. दुसरं कारण खर्दुंग ला चॅलेंज. लडाख मॅरेथॉन २०१२ पासून सप्टेंबरमध्ये होते, आणि तिच्याबरोबर ही ७२ किलोमीटरची शर्यतही असते. खर्दुंग गावातून निघायचं, सुमारे ५,३५९ मीटरची खिंड चढायची आणि लेहमध्ये उतरायचं. मी त्यात भाग घेणार नव्हते, तेवढी माझी लायकी नाही. पण ती माती एकदा पायाखाली घ्यायची होती. बरोबर ग्रुपमधली एक मैत्रीण होती, शाळेत शिकवते, माझ्यापेक्षा बरीच हळू धावते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसऱ्या दिवशी काय झालं

सातारा समुद्रसपाटीपासून सातशे-साडेसातशे मीटरवर. संध्याकाळी पुण्याहून दिल्ली, रात्रभर विमानतळावर, आणि सकाळी लेह. म्हणजे काल जी बाई दुकानाचं शटर ओढून निघाली ती आज ३,५०० मीटरवर. मधलं काहीच नाही. मनालीहून रस्त्याने आलं तर निदान शरीराला उंची चढल्याचं कळतं तरी. विमानात काय, सँडविच खाईपर्यंत पोहोचता.

पर्यटकांनी निदान ४८ तास विश्रांती घ्यावी, हे लेहमध्ये प्रशासनापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे सांगतात. आम्ही चांगस्पा भागात एका घरगुती गेस्ट हाउसमध्ये उतरलो. तिथल्या मालकीणबाई साठीच्या असतील, त्यांना सगळे आमा-ले म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी खोलीची किल्ली देतानाच सांगितलं, "दो दिन सोने का, पानी पीने का, बस."

पहिला दिवस मी ऐकलं. मजा अशी की मला काहीच होत नव्हतं. डोकं थोडं जड, बाकी ठणठणीत. मनात आलं, हे नियम पोट सुटलेल्या पर्यटकांसाठी असतील, मी आठवड्याला चाळीस किलोमीटर धावते. आणि इथेच मी फसले. उंचीचा त्रास बहुतेक वेळा पोहोचल्या पोहोचल्या होत नाही. तो सहा-बारा तासांनी, कधी एका दिवसाने चढतो. पहिल्या दिवशी बरं वाटणं म्हणजे परीक्षा पास झालो असं नाही, पेपर अजून वाटलेलाच नसतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी एकटी निघाले. लेहचा जुना राजवाडा आहे ना, सतराव्या शतकातला, नऊ मजली, त्याच्या वर डोंगराच्या टोकाला नामग्याल त्सेमो गोम्पा आहे. खालून वाट सरळ दिसते. अजिंक्यताऱ्यापेक्षा छोटी वाटली. पहिल्या वळणापर्यंत मी साताऱ्याच्याच वेगाने चढले. दुसऱ्या वळणावर पाय चालत होते पण श्वास मागे राहिला होता. मी थांबले नाही, कारण खाली दोन परदेशी मुलं चालत येत होती आणि मला त्यांच्या पुढे राहायचं होतं. (हसू नका. तुमच्या शेजारच्या दुकानदाराने बोर्ड बदलला की तुम्हीही बदलता.)

वरून उतरताना डोकं कवटी फुटेल असं दुखायला लागलं. मग उलटी. मग परत उलटी. खोलीवर येऊन आडवी पडले तर मनगटावरचं घड्याळ ठोके १०४ दाखवत होतं. साताऱ्यात झोपून उठल्यावर माझे ५८ असतात. आमा-लेंच्या मुलाने गाडी काढली आणि दवाखान्यात नेलं. लेहमध्ये सोनम नोर्बू मेमोरियल हॉस्पिटल आहे, जायच्या आधी त्याचा पत्ता मोबाईलमध्ये ठेवा. डॉक्टरांनी तपासलं, थोडा वेळ ऑक्सिजन लावला, आणि सांगितलं की छातीत पाणी झालेलं नाही, चालताना तोल जात नाही, म्हणजे साधा त्रास आहे, पण आता दोन दिवस जिना चढायचा नाही.

मैत्रीण काय करत होती? झोपली, पाणी प्यायली, अंगणात बसून खारीक खाल्ली. तिला काहीही झालं नाही. आमा-ले म्हणाल्या, "जो जिम वाला लड़का आता है ना, वही पहले गिरता है." त्यांनी वीस-पंचवीस वर्षं पाहुणे ठेवलेत. डॉक्टरही तेच म्हणाले, वेगळ्या शब्दांत. तंदुरुस्ती उंचीच्या त्रासापासून वाचवत नाही. उलट तंदुरुस्त माणसाच्या पायांत जास्त जोर असतो, म्हणून तो जास्त वेगाने चढतो आणि जास्त लवकर अडकतो.

शरीर आत काय करत असतं

हे नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा धडा यावर आहे.

उंचावर हवेतला ऑक्सिजन कमी होतो असं आपण म्हणतो. खरं तर प्रमाण तेवढंच असतं, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रकाठच्या साधारण ६५ टक्के आहे, आणि खर्दुंग ला वर निम्म्याच्या आसपास. म्हणजे तुम्ही तेवढाच श्वास घेता, पण हाताला दोन-तृतीयांशच माल लागतो.

शरीर यावर उपाय करतं, पण एका क्रमाने. आधी श्वास वाढतो. हे तासाभरात सुरू होतं आणि काही दिवस वाढत जातं. जास्त श्वास घेतल्याने रक्तातलं रसायन बिघडतं, ते सावरायला मूत्रपिंडं कामाला लागतात, म्हणून लेहला पहिले दिवस सारखं लघवीला जावं लागतं. त्याची चिडचिड करू नका, ते चांगलं लक्षण आहे. रात्री झोपेत श्वास थांबल्यासारखा होतो आणि माणूस दचकून उठतो, तेही यातलंच.

तिसरी गोष्ट सगळ्यात मजेशीर. पहिल्या काही दिवसांत रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं. माणूस खूश होतो. पण नवीन तांबड्या पेशी तयार झालेल्या नसतात, रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं, म्हणून ते दाट दिसतं. खऱ्या नवीन पेशी तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात.

हे त्या डॉक्टरांनी मला सलाइनच्या स्टँडजवळ उभं राहून सांगितलं, आणि मला एकदम माझ्या पुण्याच्या दुकानाचा पहिला महिना आठवला.

पुण्याचा हिशोब, या वेळी पूर्ण

२०२३ च्या दसऱ्याला मी पुण्यात दुकान उघडलं. पहिल्या महिन्याची विक्री ३ लाख १० हजार. व्हिडिओत मी हा आकडा अभिमानाने सांगितला होता. पण गिऱ्हाईक कोण होतं? पुण्यात राहणारे सातारकर. मावशी, आत्या, कॉलेजचे मित्र, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक. वर दिवाळी. म्हणजे रक्त दाट दिसत होतं, पेशी वाढलेल्या नव्हत्या. डिसेंबरची विक्री १ लाख ४० हजारांवर आली तेव्हा मला वाटलं काहीतरी बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं, खरा आकडा तोच होता.

आणि मी धावत होते. माल साताऱ्यासारखाच भरला, साडेचार लाखांचा. साताऱ्यात थंडीत डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी असं लाडवाचं सामान पोत्याने जातं. त्या भागातल्या घरांत दोघंही नोकरीला, लाडू वळायला कुणाला वेळ? त्यांना शंभर ग्रॅमचं पाकीट हवं, बिनमिठाचे भाजलेले बदाम हवे, आणि रात्री नऊ वाजता घरपोच हवं. हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. पण कळण्याआधीच मी पहिल्या आठवड्यात जाहिरातीवर ४० हजार घालवले होते, उद्घाटनाची ऑफर लावली होती, आणि एक मुलगी कामाला ठेवून तिला साताऱ्याच्या दुकानाचं टार्गेट दिलं होतं. ती बिचारी रोज संध्याकाळी मला आकडा सांगताना घाबरायची. शेवटी तिला काढावं लागलं, आणि त्या वेळी मी तिला जे बोलले ते मला आजही आवडत नाही. त्या व्हिडिओत तिचा उल्लेखही नव्हता.

पाचव्या महिन्यात मला कळलं होतं की हे चालणार नाही. पण करारात ११ महिन्यांचं लॉक-इन होतं, भाडं महिना ३८ हजार. पुढचे सहा महिने मी फक्त बाहेर पडायचे पैसे भरले, २ लाख २८ हजार. एकूण नुकसान साडेसात लाख. त्यातले काही माझ्या सोन्यावर काढलेले होते.

भाडं जास्त होतं का? होतं. पण निम्म्या भाड्याच्या जागेतही मी दुसऱ्या दिवशी त्सेमोवर धावतच गेले असते.

मग लेहला धावायचं कसं

डॉक्टरांनी सांगितलेले दोन दिवस मी खरंच झोपून काढले. चौथ्या दिवशी डोकं उतरलं. मग आमा-लेंच्या सांगण्यावरून चालायला सुरुवात केली. शेतांच्या कडेने, संकर गोम्पाकडे. लेहच्या वरच्या भागात बर्फाचं पाणी छोट्या पाटांनी शेतांत खेळवलेलं आहे, आणि त्या पाटांच्या कडेने पायवाटा आहेत. सकाळी धावायला याहून चांगली जागा नाही. सावली असते, चढ हळू असतो. मात्र पाट कुणाच्या शेतात किती वेळ जाणार याचा हिशोब गावात ठरलेला असतो, तेव्हा दगड हलवू नका, बांध तुडवू नका. वाटेत कोरलेल्या दगडांच्या लांबलचक भिंती लागतात, त्यांना मणी म्हणतात. ती भिंत आपल्या उजव्या हाताला ठेवून जायचं. नवीन बाजारात कुठल्या बाजूने चालायचं हे कुणी पाटी लावून सांगत नाही. पुढच्या माणसाकडे बघायचं.

पाचव्या दिवशी थोडं धावले, थोडं चालले. इथे मी घड्याळातला वेग बघणं बंद केलं. साताऱ्यात मी आरामात धावताना किलोमीटरला साडेसहा मिनिटं घेते. लेहला तोच आराम साडेआठ-नऊ मिनिटांवर मिळत होता. साताऱ्याचा आकडा डोक्यात ठेवला असता तर रोज रडले असते. त्याऐवजी एकच कसोटी, धावता धावता पूर्ण वाक्य बोलता येतंय का? मैत्रिणीशी गप्पा मारता आल्या की वेग बरोबर. शब्द तुटायला लागले की चालायचं. चढावर तर बिनधास्त चालायचं, त्यात लाज नाही, डोंगरातले मोठे धावपटूही चढाला चालतात.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर बरोबर होतं. त्यावर पहिले दिवस ८५ ते ९० दिसलं तर घाबरू नका, त्या उंचीला ते नवलाचं नाही. पण तो एकटा आकडा बघूनही चालत नाही. आकडा बरा आणि डोकं फुटतंय, तर डोक्याचं ऐका.

काही व्यवहारी गोष्टी भराभर सांगते. पहाटेच्या अंधारात एकटं निघू नका, लेहमध्ये भटकी कुत्री टोळीने असतात. उजाडल्यावर, दोघा-तिघांनी, आणि कुत्री जवळ आली की धावणं थांबवून चालायचं. वर्षाला जेमतेम दहा सेंटिमीटर पाऊस पडणारी जागा आहे ती, घाम वाळून जातो, आला हेच कळत नाही, त्यामुळे तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. ऊन कडक असतं, टोपी आणि सनस्क्रीन लावाच. उताराला बारीक खडी असते, खाचेदार तळव्याचे बूट नसतील तर उतरताना चालाच. डायमॉक्स नावाची गोळी अनेक जण घेतात, ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगूनच. आणि बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला येत असेल, चालताना दारू प्यायल्यासारखा तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. हॉस्पिटल, ऑक्सिजन आणि खाली उतरणं. यात माणसं जातात.

आता ‘खाली उतरणं’ यावर जरा थांबूया, कारण मला हे नकाशा बघेपर्यंत कळलं नव्हतं. लेहहून खाली कसं उतरणार? सिंधूच्या काठाने खालत्सेपर्यंत गेलात तर जेमतेम पाचशे मीटर उतरता. त्याहून खाली कारगिलला जायचं तर वाटेत ४,१०८ मीटरची फोटू ला खिंड लागते. मनालीच्या बाजूला तर त्याहून उंच खिंडी आहेत. म्हणजे रस्त्याने खाली जायला आधी वर चढावं लागतं. नीट खाली यायचं तर विमान, आणि तेही हवामान असेल तर.

लॉक-इन म्हणजे दुसरं काय असतं? सही करताना मी भाडं वाचलं, डिपॉझिट वाचलं, बाहेर पडायची वाट कुठून जाते ते वाचलं नाही. सही करायच्या आधी मालकाला हा एक प्रश्न विचारा: तीन महिन्यांत मला निघायचं झालं तर मला किती पैसे पडतील? तो आकडा कागदावर लिहून घ्या आणि भांडवलातून बाजूला काढून ठेवा. तेवढे पैसे नसतील तर ती जागा तुमच्यासाठी महाग आहे, भाडं कितीही कमी असो.

गोव्याला जाणारा दुकानदार

सातव्या दिवशी मी बाजारात जर्दाळू बघत हिंडत होते. मुख्य बाजारात फुटपाथच्या कडेला लडाखी बायका भाजी आणि जर्दाळू घेऊन बसतात, भाव ठरलेला, घासाघीस फारशी नाही. त्यांच्याकडून मी तीन प्रकारचे जर्दाळू चाखले. गोड बी असलेला आणि कडू बी असलेला वेगळा कसा ओळखायचा तेही शिकले, त्यावर वेगळा भाग करेन.

तिथेच शालींच्या दुकानात एक काश्मिरी दुकानदार भेटला. त्याच्यासारखे बरेच जण उन्हाळ्यात लेहला आणि थंडीत गोव्यात दुकान चालवतात. मी साताऱ्याची म्हटल्यावर त्याने गोव्यात शिकलेली चार मराठी-कोकणी वाक्यं ऐकवली. मी विचारलं, इतकी वर्षं येता, तुम्हाला उंचीचा त्रास होत नाही? तो म्हणाला, दरवर्षी मे महिन्यात आलो की पहिले दोन दिवस मी मालाच्या गठ्ठ्याला हात लावत नाही, पोरांना लावतो, तीही इथलीच. मागच्या वर्षीची सवय खाली गेल्यावर उतरून जाते, ती पुढच्या वर्षी चालत नाही.

हे मला फार लागलं. मी पुण्यात हेच धरून बसले होते, की मला दुकानाचा नऊ वर्षांचा अनुभव आहे. अनुभव होता, पण साताऱ्याच्या उंचीचा. माल ओळखणं, हिशोब ठेवणं, उधारी न देणं, हे बरोबर नेता येतं. गिऱ्हाईकाची सवय, वेळ, पाकिटाचा आकार, भरवसा, हे नेता येत नाही. ते तिथे राहूनच, हळूहळू अंगात भिनतं.

डोंगरवाल्यांचा एक नियम आहे. दिवसा उंच चढा, झोपायला खाली या. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. आठव्या दिवशी आम्ही तेच केलं. लेहच्या वर, खर्दुंग ला च्या रस्त्याला गांगलेस गाव आहे, तिथपर्यंत चालत-धावत गेलो, चहा प्यायलो, उतरून खाली चांगस्पाला झोपलो. नवव्या दिवशी संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या मी न थांबता चढले. धावत नाही, चालत. वर पोहोचल्यावर पलीकडे त्सेमो दिसत होता. तिथे परत गेले का? नाही गेले. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं आणि मला जायची गरज वाटली नाही.

इथे एक इशारा देऊन ठेवते. डोंगर आणि दुकान सगळीकडे सारखं नसतं. डोंगरावर चूक झाली तर जीव जातो, दुकानात पैसे जातात, आणि पैसे परत मिळवता येतात. शिवाय उंचीला शरीर बहुतेकांचं सवय करून घेतंच, पण तुमचा माल त्या गावाला नकोच असेल तर कितीही महिने थांबून उपयोग नाही. म्हणून थांबणं म्हणजे नुसतं बसून राहणं असा अर्थ काढू नका. मी त्या चार दिवसांत रोज सकाळी ठोके लिहीत होते, झोप लिहीत होते, डोकं दुखतंय का ते लिहीत होते.

या आठवड्याचा गृहपाठ

तुम्ही नवीन गावात, नवीन पेठेत, किंवा ऑनलाइन नवीन ठिकाणी विकायला जाणार असाल तर वही काढा. पहिल्या पानावर तुमच्या जुन्या दुकानाची रोजची विक्री लिहा आणि ते पान स्टेपल करून बंद करा. नवीन जागेत तो आकडा तीन महिने बघायचा नाही. दुसऱ्या पानावर रोज फक्त एवढं लिहा: आज आलेल्यांपैकी माझ्या ओळखीचे नसलेले किती, त्यातले दुसऱ्यांदा आलेले किती, आणि आज कुणी काय मागितलं जे माझ्याकडे नव्हतं. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पुण्यात तो मी लिहिला असता तर शंभर ग्रॅमची पाकिटं दुसऱ्या आठवड्यात आली असती. बजेटमध्ये ‘थांबायचे दिवस’ असा एक खर्च धरा. त्यात भाडं, पगार, वीज सगळं येतं आणि विक्री शून्य धरायची. माझ्या धंद्याला मी आता ६० दिवस धरते. तुमचा भाजीचा असेल तर कमी, फर्निचरचा असेल तर जास्त.

माझं स्वतःचं सांगायचं तर, सध्या मी कराडला चढते आणि साताऱ्याला झोपते. दर पंधरवड्याला शनिवार-रविवार तिथल्या प्रदर्शनात एक टेबल घेते, दोन दिवसांचं भाडं २,५०० रुपये. माल व्हॅनमध्ये मावेल एवढाच. तीन वेळा झालंय. पहिल्या खेपेला अनोळखी गिऱ्हाईक ३१, दुसऱ्याला ४४, तिसऱ्याला पाऊस होता, २७. परत आलेले आतापर्यंत ९. आणि वहीत एक गोष्ट पाच वेळा लिहिली गेलीय, लोक मनुका मागतात, पण काळ्या आणि बियांच्या, औषधाला. त्या मी ठेवतच नव्हते. पुढच्या खेपेला दहा किलो नेतेय.

पुण्याच्या त्या मुलीला मी लेहहून आल्यावर फोन केला. ती आता एका मेडिकलमध्ये काम करते. मी माफी मागितली. ती म्हणाली, ताई, राहू द्या आता. मग तिने जर्दाळूचा भाव विचारला. अर्धा किलो कुरिअर केलाय.